करमाफीचा मुलूख

"टॅक्स माफ आहे" हे ऐकून खूश न होणारा माणूस माझ्या ऑफिसात अजून आलेला नाही. देवळाली कॅम्पात माझं छोटंसं ऑफिस आहे. मी लोकांची रिटर्नं भरते आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं फौजी. कुणी तोफखान्यात नोकरीला, कुणी निवृत्त, कुणाची बायको नवऱ्याच्या पेन्शनचे कागद पिशवीत घालून आलेली. मैनाताई गायधनी म्हणजे भांडखोर बाई, असं माझं कॅम्पात नाव आहे, आणि ते मी कष्टानं कमावलंय. पण चार महिन्यांपासून हे शब्द कानावर पडले की माझं पेन थांबतं. समोरचा हसत असतो आणि मी पाण्याची बाटली शोधत असते.

फौजींच्या सवलती मला तोंडपाठ आहेत. त्यातली एक मी माझ्या धाकट्या भावासाठी शिकले. नाथा तोफखान्यात हवालदार होता. नोकरीत असताना त्याच्या पलटणीला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेला पाठवलं होतं. फौजेत त्याला सगळे नुसतं "मिशन" म्हणतात. सरकारनं परदेशी पाठवलेल्या माणसाला तिथं जो भत्ता मिळतो, त्यावर कर लागत नाही. त्या वर्षी त्याचं रिटर्न भरताना मी हे त्याला समजावून सांगितलं, तर हा बहाद्दर म्हणतो, "बघ ताई, जिथं गोळी लागायची भीती, तिथं सरकारपण टॅक्स लावायला लाजतं." मी हसले होते. तेव्हा हसण्यासारखंच होतं. तो धडधाकट परत आला होता, येताना आईला घड्याळ घेऊन आला होता, आणि माझ्या खुर्चीत बसून माझाच चहा पीत होता.

निवृत्त झाल्यावर त्याला विंचूरला वाइनच्या एका कारखान्यात गेटवर सिक्युरिटीची नोकरी लागली. पगार ठीक होता. घर पळशाला, स्वतःचं. हर्षालीशी लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि दोघांचं बरं चाललं होतं. आमच्या घरात कमी काहीच नव्हतं, कमी होता तो सलाम. तोफ चालवलेला माणूस दिवसभर गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघायचा, आणि पंचविशीतली पोरं त्याला "ए वॉचमन, गेट खोल" म्हणायची. घरी आल्यावर तो त्यावर एक शब्द बोलायचा नाही. बूट मात्र रोज पॉलिश करायचा, फौजेत करायचा तसे, आरशासारखे.

अशा माणसाला गाठायला शेखर नावाचा एजंट पळशाला आला. रविवारची सकाळ होती, मी आईकडे आले होते. पांढऱ्या गाडीतून उतरला, आधी आईच्या पाया पडला. पाया पडणाऱ्या अनोळखी माणसाचा मला तिथल्या तिथं राग येतो. त्यानं देशाचं नाव सांगितलं. तिथं लढाई चालू आहे हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या घरात ते नाव आता कुणी घेत नाही, मीही घेणार नाही.

"काम साधं आहे," शेखर म्हणाला. "लढाईच्या जागेपासून लांब, मालाच्या गोदामावर पहारा. माजी सैनिकच पाहिजेत, कारण शिस्त. नाथाभाऊ, तुम्ही एकदम मिशनसारखंच समजा. आणि सगळा पगार टॅक्स माफ."

नाथानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात चिडवणं होतं, की बघ, तुझ्या धंद्यातलं बोलतोय.

"कशाखाली माफ?" मी विचारलं.

"मॅडम, तिथल्या कायद्यानं."

"तिथला कायदा वॉचमनचा टॅक्स का माफ करेल? मिशनवरच्या माणसाला सरकारनं पाठवलेलं असतं. ह्याला कोण पाठवतंय? तुम्ही?"

शेखर हसला. असल्या बायका त्याला रोज भेटत असणार. "अहो मॅडम, त्यांच्याकडं नियमच आहे. धोक्याच्या भागात तैनात असलेल्या सैनिकाला कर नाही."

"सैनिकाला?"

त्यानं चहाचा कप उचलला, पण प्यायला नाही. "म्हणजे त्याच कॅटेगरीतल्या स्टाफला."

"गोदामावरचा माणूस सैनिकाच्या कॅटेगरीत कधीपासून गेला? आणि गोदाम लांब आहे म्हणता, मग धोक्याचा भाग कुठून आला?"

मी अजून बरंच बोलणार होते, पण माझं लक्ष नाथाकडे गेलं. तो ताठ बसला होता. मघापर्यंत खुर्चीत पसरलेला माणूस, पाठ सरळ, गुडघ्यांवर हात. 'सैनिक' ह्या ज्या शब्दानं मी सावध झाले होते, त्याच शब्दानं त्याची छाती फुगली होती. मला काय चूक झाली ते तेव्हाच कळलं. एजंटच्या तोंडून मला फसवणूक काढायची होती. मी काढली ती नेमकी नाथाला हवी असलेली गोष्ट.

नंतर आम्ही कडाक्याचं भांडलो. "ताई, तुला सगळ्यात टॅक्सच दिसतो," तो म्हणाला. मी म्हणाले, "टॅक्समधून जे दिसतं ते तुला दिसत नाही, मूर्खा. ते तुला गोदामावर नेत नाहीयेत." हर्षाली दाराशी उभी राहून रडत होती. आई, चिमणाबाई गायधनी, मेथी निवडत बसली होती. तिनं मध्ये एकच विचारलं, "जेवाया काय मिळतं तिकडं?" नाथा म्हणाला, "सगळं मिळतं." आईनं मान हलवली आणि मेथीच्या काड्या सुपात टाकल्या.

तो गेला. त्याच्याबरोबर मालेगावचा एक ट्रक ड्रायव्हर होता, जमील नावाचा. त्यालाही शेखरनंच पाठवलं होतं. विमानतळावर दोघांची ओळख झाली आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी दोघांनी मिळून खाल्ल्या, असा नाथाचा पहिला फोन आला.

सुरुवातीला फोन यायचे. मी दर वेळी तेच विचारायचे.

"गोदाम बघितलंस का?"

"आधी ट्रेनिंग आहे."

"पहारा करायला कसलं ट्रेनिंग?"

"ताई, तू तुझी रिटर्नं भर गं."

मग एक फोटो आला. अंगावर वर्दी, छातीवर नावाची पट्टी असते ती जागा रिकामी. चेहरा खूश होता, हे मला कबूल करावं लागेल. हर्षालीनं तो फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर लावला. मला मात्र ती रिकामी जागाच दिसत राहिली. आपल्या फौजेत माणसाचं नाव छातीवर असतं. नाव नसलेली वर्दी कोण कुणाला देतं, आणि का देतं?

नंतर एक फोन आला तो घाईघाईत. मागं कुणीतरी त्यांच्या भाषेत ओरडत होतं. "ताई, आम्हाला आता पुढं नेणार आहेत. फोन जमा करायला सांगितलेत. आईला सांगू नको. गोदामावर आहे असंच सांग." पुढं म्हणजे कुठं, असं मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, "पुढं म्हणजे पुढं. तुला काय फौजेतलं कळतं," आणि त्याचा आवाज कापत होता. नाथाचा आवाज कापताना मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी पोलिसांत गेले, वकिलातीला मेल केले, खासदारांच्या ऑफिसात बसून राहिले. सगळीकडून एकच उत्तर आलं, आपला अर्ज पुढे पाठवला आहे. अर्जही पुढे आणि भाऊही पुढे. शेखरच्या ऑफिसला कुलूप नव्हतं, तो राजरोस बसलेला असायचा, आणि मला चहा विचारायचा. त्याच्यासमोरच्या बाकावर नवीन पोरं बसलेली असायची. मी त्यांच्यावर ओरडले, "घरी जा." ती पोरं खाली मान घालून हसली.

पगार मात्र यायचा. हर्षालीच्या खात्यावर दर महिन्याला मेसेज, पूर्ण रक्कम, कापाकापी काही नाही. तो मेसेज आला की ती मला फोन करायची. "ताई, आला. म्हणजे ते बरे आहेत ना?" मी हो म्हणायचे. तिला मी कसं सांगणार होते? पूर्ण पगार म्हणजे माफी चालू, आणि माफी चालू म्हणजे नाथा अजून त्याच मुलखात आहे, जिथं टॅक्स लावायला त्यांचं सरकारही लाजतं. मी जन्मभर लोकांचा कर कमी करण्यासाठी डोकं फोडलं. आता मी देवाला हात जोडत होते की माझ्या भावाच्या पगारातून काहीतरी कापलेलं दिसू दे.

आणि एका महिन्यात ते कापलेलं आलं.

हर्षालीचा फोन आला, रडवेली झाली होती. "ताई, पैसे कमी आलेत." मी मेसेज मागवून घेतला, बघितला, आणि तशीच शेखरकडे गेले. त्यानं कुठंतरी फोन लावला, हो हो केलं, आणि मला म्हणाला, "मॅडम, खूशखबर. तुमच्या भावाला मागं आणलंय. मागच्या भागात माफी नसते, म्हणून टॅक्स कापला." तो खरं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. मी बाहेर आले आणि रस्त्यात उभी राहून हसले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही हसून दाखवलं. टॅक्स कापल्याबद्दल हसणारी नाशिकमधली मी एकटीच असेन.

त्याच आठवड्यात जमीलनं आईला फोन केला. मी ऑफिसात होते. आईनं शेजारच्या पोराकडून मला फोन लावून घेतला.

"जमीलचा फोन आल्ता," आई म्हणाली. "नाथा सुटला म्हनला."

"सुटला? असंच म्हणाला?"

"हां. मावशी, नाथाभाऊ सुटला, म्हनला."

"कधी येतोय?"

"त्ये नाय सांगितलं. फोन कट झाला."

माझ्या डोक्यातला हिशेब चोख जुळला. मागं आणलं, म्हणून कर कापला. मागं आणलं, म्हणून सोडलं. दोन्ही बाजूंनी बेरीज एकच. मी कॅम्पातून पेढे घेतले आणि संध्याकाळच्या आत पळशाला पोचले. हर्षालीला जवळ घेतलं, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मी गल्लीत स्वतः पेढे वाटले. कुणी विचारलं तर सांगत होते, नाथा सुटला, नाथा सुटला. आईनं पेढा घेतला आणि देवापुढं ठेवला. खाल्ला नाही. मला वाटलं, पोरगा आल्यावर खाईल.

पण नाथाचा स्वतःचा फोन येईना. सुटलेला माणूस आधी बायकोला फोन करतो, हे कळायला टॅक्स सल्लागार व्हावं लागत नाही. जमीलनं ज्या नंबरवरून आईला फोन केला होता, तो मी लावत राहिले. लागतच नव्हता. हर्षालीला मात्र धीर निघत नव्हता. तिनं घराला रंग द्यायचं ठरवलं, मग वेळ पुरणार नाही म्हणून पडदेच बदलले, आणि रोज मला विचारायची की तिकडून यायला किती वेळ लागतो. मी म्हणायचे, कागदपत्रं होत असतील. कागदपत्रांवर सगळं ढकलायची आमच्या धंद्याला सवयच असते.

जमीलचा फोन लागला तेव्हा दुपार होती आणि समोर एक लान्स नायक बसला होता. त्याचं मिशनवर नाव आलं होतं, तिथल्या भत्त्याला टॅक्स लागेल का हे विचारायला आला होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"जमील, मी मैनाताई. नाथाची बहीण. अरे, कुठं आहात तुम्ही लोक?"

"ताई, हौ, बोला." आवाज अगदी बारीक. "दुसऱ्याचा फोन है. ज्यादा बोलता नाय येणार."

"नाथाकडं दे."

पलीकडं नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज.

"जमील? नाथा कुठंय? सुटला ना तो? कधी निघतोय?"

"ताई," तो म्हणाला, "मी मावशीला सांगितलं ना."

"काय सांगितलंस? सुटला म्हणून सांगितलंस. मग कुठं आहे तो?"

"ताई, ते… पुढं त्याला पोटात लागलं होतं. मागं आणला, अस्पतालमध्ये. मीच आणला, माझ्या गाडीत. जखमीला मागं आणतात अन् मागं आणला की ह्यांची ती माफी बंद होते, ते मुनीम लोक लगेच लिहितात. फिर लय तरास होता त्याला. दिवसभर ओरडायचा. नंतर सुटला."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "म्हणजे?"

"ताई, मला मराठीत ते तोंडातून निघेना. आईला कसं बोलू, तुमचा मेला म्हणून? आमच्या गल्लीत पाटीलबुवा गेले, लय आजारी होते, तर सगळे म्हणत होते, सुटला बिचारा. मला वाटलं चांगला शब्द है. दुखणार नाय." तो रडायला लागला. "मावशी समजली, ताई. तिनं मला विचारलं, लय तरास झाला का रे त्याला. मी म्हटलं, नाय, मावशी. मग ती म्हनली, बरं बाबा, तू संभाळून ऱ्हा, जेवत जा. ताई, मला इथनं काढा. मला पण आता पुढं…" आणि फोन बंद झाला.

लान्स नायक माझ्याकडे बघत होता. "मॅडम, काही प्रॉब्लेम?" मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो उठून गेला एवढं आठवतं, आणि दार नीट लावून गेला.

पळशापर्यंत मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. मी पेढे वाटले. माझ्या भावाच्या मरणाचे पेढे मी स्वतः घरोघरी जाऊन वाटले, आणि लोकांनी ते माझ्यासमोर खाल्ले. मला सगळ्या जगाचा राग आला होता, शेखरचा, जमीलच्या भोळेपणाचा, माझ्या चोख हिशेबाचा. आणि आईचा. तिला फोनवरच कळलं होतं, मग ती गप्प कशी राहिली?

आई पडवीत बसली होती. हर्षाली घरात नव्हती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, "जमीलशी बोलले मी."

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरकून मला जागा करून दिली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "तू त्याला विचारलंस, त्रास झाला का. तुला माहीत होतं आणि तू मला पेढे वाटू दिलेस. आई, का गं? मी गल्लीभर नाचले."

"त्याचा आवाज आला तव्हाच कळलं," आई म्हणाली. सावकाश बोलत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. "पोरगं बोलताना कापत व्हतं. पर त्यानं शबुद असा दिला, मैना, का त्यात दोन्ही व्हतं. मंग मी म्हनलं, आपुन आपल्याला पायजे त्यो घ्यावा. थोडे दिस. तुला फोन केला तवा वाटलं, तू तरी वळखशील. तर तू पेढं घिऊन आली. ती हर्षाली तुझ्या गळ्यात पडून हसली. इतक्या दिसांत पयल्यांदा हसली ती. मला नाय मोडवलं."

"आणि तू?"

"मी काय. मी राती रडती, तोंडात पदर घालून."

मी तिच्या शेजारी बसले. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता आणि अगदी थंड. मला आता रडायला हवं होतं, पण अजून घरात एक माणूस होतं ज्याला सांगायचं राहिलं होतं, आणि ते झाल्याशिवाय मला रडू येईना.

गेट वाजलं. हर्षाली आत आली, नाशिक रोडच्या पार्लरमधून. भुवया नुकत्याच कोरलेल्या होत्या, त्यांच्याभोवतीची कातडी अजून लाल होती. हातात पिशवी. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही आज? काही कळलं का? मुंबईलाच उतरणार ना ते? म्हणजे मला गाडी सांगून ठेवायला बरं."

मी तोंड उघडलं. आईनं माझा हात दाबला आणि सोडला.

"हर्षाली," आई म्हणाली, "पिशवी ठिव तिथं. आधी हितं माझ्यापाशी ये, बस."